आठ फाकांची टोपी

सोमवार, ४

विहीणबाई आल्या. साडेआठला येणार होत्या, दहाला आल्या. दोन सुटकेसा, एक फुगलेली पिशवी आणि जिन्यातूनच सुरू झालेलं बोलणं. सुनेचं बाळ पोटात आडवं आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख बावीस दिली आहे. तोवर आणि पुढे महिनाभर बाईंचा मुक्काम आमच्याकडे. मला कुणी विचारलं नाही. मुलाने सांगितलं. हल्ली सांगण्यालाच विचारणं म्हणतात.

दारात चपला एकीवर एक चढवून काढल्या होत्या. मी सरळ केल्या. पाच मिनिटांनी बघते तर पुन्हा तशाच. मध्ये खाली राहिलेली छत्री आणायला जाऊन आल्या होत्या.

बाळाची पहिली टोपी मी विणणार, हे मी सुनेच्या पाचव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. बाईंनी चहा पिता पिता पिशवीतून पिवळ्या लोकरीचा गुंडा काढला. "मी पण टोपी घातलीय हो सुयांवर. दोन असू देत. एक डोक्याला, एक वाळत घालायला." आणि हसल्या. ते हसणं म्हणजे जिन्यावरून रिकामा डबा गडगडत जावा तसं आहे.

सून मला "अहो आई" म्हणते, त्यांना "अगं आई". आज "अगं" चाळीसदा तरी ऐकलं. "अहो" दोनदा, दोन्ही वेळा मिठाची बरणी कुठे आहे ते विचारायला.

बुधवार, ६

पुढे वाद नको म्हणून नीट लिहून ठेवते. राखी लोकर, बारीक सुया, ऐंशी टाके. साडेचार इंच सरळ विणायचं, मग घटवायला लागायचं. ऐंशीचे आठ भाग, दहा-दहाचे. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाक्यांचा एक. एक फेरी घटवायची, एक साधी. ऐंशीचे बहात्तर, चौसष्ट, छप्पन्न, असं करत शेवटी आठ उरतात. त्या आठांतून लोकर ओवून ओढली की टोपी मिटते. नीट जमलं तर माथ्यावर आठ रेघा उमटतात आणि टोपी सोललेल्या संत्र्यासारखी दिसते, आठ फाकांची. एके ठिकाणी घटवायचं विसरलं की रेघ मोडते, आणि एकदा मोडलेली रेघ पुढे कितीही नीट विणलं तरी झाकली जात नाही.

विहीणबाई हे सगळं टीव्हीकडे बघत करतात. टाके मोजताना ओठ हलत नाहीत, कारण ओठ दुसऱ्या कामात असतात.

मी बत्तीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात तपासणीला होते. गणित घेऊन पदवी मिळवलेली बाई कारखान्यात कशाला, असं लोक विचारत. मोजायला, असं मी सांगे. आमच्या विभागाची पद्धत साधी होती. दोष दिसला की तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची, दोन वेढे आणि अर्धी गाठ, म्हणजे ओढली तर सुटत नाही पण कात्रीला लगेच सापडते. माल ज्या टेबलावरून आला त्याच टेबलावर परत. तोंडाने काही म्हणायचं नाही. म्हटलं की वाद होतो. बोलायचं नाही, बांधायचं.

घरातही मी तेच केलं. मुलगा लहानपणी माझ्याशेजारी बसून ती गाठ मारायला शिकला होता. जन्मतः डावखुरा. पहिलीतच ती सवय मी सोडवली, आता उजव्या हाताने मोत्यासारखं लिहितो. बुटाची नाडी बांधताना अजून डावा हात पुढे येतो. तिकडे मी बघत नाही.

शुक्रवार, ८

आज घरात जे झालं त्यात माझं काय चुकलं, हे मला कुणी समजावून सांगावं.

सकाळी तिघं हॉस्पिटलला तपासणीसाठी गेली. पिवळी टोपी सोफ्यावर, सुया बाहेर आलेल्या, कुणी बसलं असतं तर ऑपरेशन आजच झालं असतं. उचलून ठेवायला म्हणून घेतली. घेतली ती पाहिली. पाच दोष. एका ठिकाणी टाका सुटून भोक पडलंय. दोन ठिकाणी दोनाचा एक करताना टाके उलट बाजूने उचललेत, त्यामुळे बाकीच्या रेघा उजवीकडे झुकतात आणि ह्या दोन डावीकडे. एका फेरीत घटवलेलंच नाही. एके ठिकाणी लोकर फाटून टाका अर्धाच विणलाय. आठ फाका सोडा, ते संत्रं कुणीतरी पायाखाली घेतल्यासारखं दिसत होतं.

पाच दोरे बांधले आणि टोपी घडी करून परत ठेवली. एक टाकाही उसवला नाही. हे मुद्दाम नोंदवते.

जेवायच्या टेबलावर विहीणबाईंनी टोपी वर धरली. "हे काय हो, हिला गोवर आलाय का?"

"पाच चुका आहेत," मी म्हटलं. "खुणा केल्यात. बाळाच्या डोक्यावर जायची वस्तू आहे."

"मी आजवर नऊ टोप्या विणल्या. नऊही डोकी शाबूत आहेत."

"डोकी शाबूत असतील. टोप्यांचं काय?"

त्या हसल्या. सून हसली नाही. चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो आई, एक विचारू? माझ्या बाळात काही कमी-जास्त निघालं, तर त्याला दोरा कुठे बांधणार तुम्ही?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग उत्तर द्या ना."

मुलगा उठून हात धुवायला गेला. त्याचं सूप तसंच होतं.

मी सुनेला म्हटलं की टोपी आणि माणूस यातला फरक मला कळतो. ती म्हणाली, "तुम्हाला कळत असेल. आम्हाला अजून दिसायचाय."

तिला असं बोलायला कोण शिकवतं हे मला माहीत आहे. सोमवारपासून घरात आहे.

शनिवार, ९

कुणी कुणाशी बोललं नाही. घर अगदी टापटीप राहिलं.

सोमवार, ११

दुपारी फोन वाजला. मीच उचलला. एक माणूस म्हणाला, "ते दोन खोल्यांचं घर पसंत आहे ना? किल्ली कधी घेताय?" चुकीचा नंबर म्हणून ठेवणार होते, तेवढ्यात त्याने मुलाचं आडनाव घेतलं. ते माझंच आडनाव आहे.

संध्याकाळी मुलगा घरी आल्या आल्या विचारलं. बूट काढायचीही उसंत दिली नाही, हे मान्य.

"सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? सामान जिन्यात आल्यावर?"

"बाळ झालं की हॉस्पिटलमधून सरळ तिकडे जायचं असं चाललंय आमचं. अजून नक्की नाही."

"आणि ह्या घराला काय झालंय?"

त्याने बुटाची नाडी सोडवली. मग म्हणाला, "घराला काही नाही झालेलं, आई."

"मग जा. अडवलंय कुणी?"

मी हे अगदी शांतपणे म्हटलं. आवाज चढला असं सून म्हणते, पण ती आतल्या खोलीत होती, तिला काय कळणार.

हे गेल्यापासून सहा वर्षं आम्ही तिघं या घरात आहोत. मागची खोली मी बाळासाठी स्वतः पांढरी केली, शिडीवर चढून. पहिलं नातवंड ह्या घरात येणार नसेल तर न येवो. मी काही हातापाया पडणारी बाई नाही. टोपी मात्र वेळेत आणि निर्दोष होईल. टोपीत मागेपुढे होणार नाही.

हे सगळं विहीणबाई आल्यावर सुरू झालं. फोनवाला म्हणाला की मुलाने घर महिन्याभरापूर्वी बघितलं होतं. त्यांच्या येण्याआधीपासून त्या फोनवर होत्याच की.

बुधवार, १३

घटवायला सुरुवात केली. बहात्तर, चौसष्ट, छप्पन्न, अठ्ठेचाळीस, चाळीस. प्रत्येक फेरीनंतर मोजलं, दोनदा. आकडा प्रत्येक वेळी बरोबर. आकडा बरोबर असला की काम बरोबर असतं, एवढं आयुष्यात शिकले.

पुढच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड कमी झालाय. बदलायला सांगितला. मुलगा म्हणाला, "दिवा गेल्या महिन्यात बदललाय. डोळे दाखवून घे." मी बत्तीस वर्षं डोळ्यांवर पगार घेतला आहे, हे त्याला आठवण करून दिलं. सुनेने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. अशी बघाबघी मला पाठ आहे.

पिवळी टोपी पुरी झाली. टोकाला बोंड आल्यासारखी उभी राहते. पाचही दोरे तसेच! काढायचे नाहीत का, असं विचारलं तर बाई म्हणतात, "राहू देत की. तेवढाच रंग." हा सरळ सरळ अपमान आहे.

गुरुवार, १४

माझ्या टोपीवर लाल दोरा आहे.

सकाळी सात वाजता विणायला घेतली आणि बोटाला लागला. चाळीस टाके सुईवर, आणि त्याखाली पाच-सहा फेऱ्यांवर लाल गाठ. माझंच रीळ, माझ्याच शिवणाच्या डब्यातलं. गाठसुद्धा आमच्या विभागाची, दोन वेढे आणि अर्धी, फक्त आरशात बघावी तशी उलटी वळलेली. नक्कल करणाऱ्याला तेवढंच जमलं असणार.

टोपी घेऊन तडक विहीणबाईंच्या खोलीत गेले. त्या केस विंचरत होत्या.

"हा खेळ बंद करा," मी म्हटलं.

त्यांनी दोरा बघितला आणि डबा गडगडला. "अगंबाई! तुम्हाला पण गोवर?"

"हसू नका. गाठ तुम्ही मारलीत."

"मला अशी गाठ मारता येत असती विहीणबाई, तर माझ्या टोपीला भोक पडलं असतं का?" मग टोपी जवळ घेऊन त्यांनी बोट फिरवलं आणि हसायच्या थांबल्या. "पण ज्याने बांधलाय त्याने उगाच नाही हो बांधलेला. हे बघा."

मी बघितलं नाही. स्वतःच्या खोलीत येऊन, दार लावून, खिडकीशी उभी राहून बघितलं. सगळे टाके मोजले, बरोबर. रेघा मोजल्या, आठ. दोष दिसेना. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवला, तेव्हा कळलं.

पाचव्या फाकेत मी घटवायला विसरले होते आणि सहाव्या फाकेत दोनाऐवजी तीन टाके एकदम उचलले होते. एकीत एक जास्त, दुसरीत एक कमी. बेरीज छप्पन्न. पुढच्या प्रत्येक फेरीला मी बेरीज केली आणि बेरीज बरोबर येत गेली. पाचवी रेघ एका टाक्याने सरकलीय आणि सहावीत मसुराएवढी गाठ झालीय. नव्या माणसाच्या डोक्याला टोचेल अशी.

कारखान्यात असा माल मी किती वेळा मोजून सोडला असेल?

हा प्रश्न लिहायला नको होता. खोडत नाही, कारण खाडाखोड मला आवडत नाही.

शुक्रवार, १५

सगळं उसवायचं ठरवलं. दोष सापडला की तो जिथून सुरू होतो तिथवर माल मोकळा करायचा. दुसरी पद्धत नाही.

विहीणबाई दारात उभ्या. "अहो, सगळं कशाला उसवताय? सहा फाका चांगल्या आहेत. बिघडल्यात त्या दोनच मोकळ्या करा, दाखवू का?"

"ठिगळं लावायची सवय तुम्हाला असेल."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. ह्या वेळी हसल्या नाहीत. जाताना दार हळू लावून घेतलं. दार आपटायला हवं होतं, मग मला काही बोलता आलं असतं.

उसवायला बसले, पण हात चालेना. टोपी होती तशी पिशवीत टाकली. गाठ अजून तिच्यावर आहे. दोष दुरुस्त झाल्याशिवाय दोरा काढत नाहीत, हा नियम मीच पाळत आले आहे.

रविवार, १७

बसून सलग लिहिते, नाहीतर उद्या प्रत्येक जण आपापलं सांगेल.

सकाळी नऊला सुनेला कळा सुरू झाल्या. पाच दिवस आधी. मुलाने तिला गाडीत पुढे बसवलं, आम्ही दोघी मागे, मध्ये बॅग. कळ आली की ती "अगं आई गं" म्हणे, आणि विहीणबाई मागून तिच्या खांद्यावर हात ठेवत. मी बॅग धरून बसले. बॅग पडत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये तिला लगेच आत नेलं. मुलगा सह्या करायला गेला. आम्ही दोघी मोठ्या खिडकीखालच्या बाकावर. समोर हिरवं दार, त्याला गोल काच. बाई एकदम गप्प. त्यांना गप्प बघायची सवय नसल्यामुळे मला ते फार कर्कश वाटलं.

हाताला काम हवं म्हणून टोपी काढली, सुई ओढून घेतली आणि धागा खेचायला लागले. सगळं उसवायला. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

"सोडा," मी म्हटलं.

"नाही सोडत. आज मला कुणी काही मोकळं करताना बघवत नाहीये. तुम्ही फक्त ह्या दोन फाका सोडायच्या. फक्त ह्या. ऐका एकदा माझं, आयुष्यभर ऐकू नका."

मी ऐकलं. थकले होते म्हणून.

पाचव्या आणि सहाव्या फाकेचे दहा टाके सुईवरून मोकळे सोडले, बाकीचे तीस तसेच. ते दहा बोटाने खाली खाली सोडवत नेले, चुकलेल्या फेरीच्या खालपर्यंत. तिथे सोळा टाके मिळाले, ते एका आखूड सुईवर घेतले. प्रत्येक फेरीचा तेवढाच सुटा धागा वर शिडीच्या पायऱ्यांसारखा लोंबत राहतो. खालची पायरी घ्यायची, तिनेच तेवढी फेरी विणायची, घटवायचं तिथे घटवायचं, मग वरची पायरी. विहीणबाईंनी आपल्या जाड अंगठ्याने पायऱ्या दाबून धरल्या, एकेक सोडत गेल्या. मी विणलं. बाकीच्या टोपीला धक्का नाही. मला हे बत्तीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. दाखवायला कुणी आलं नसेल असंही नाही.

तिसऱ्या पायरीला बाई दाराकडे बघत म्हणाल्या, "तुमची सून रोज सकाळी घरभर फिरते, माहितेय तुम्हाला?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"चालायला नाही. पडद्यांच्या कडा बघते. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी. तुम्ही उठायच्या आधी. कुठे लाल दिसतंय का ते. नववा महिना लागलाय आणि पोर वाकून वाकून गादीखाली खोचलेली चादर तपासते. मला पहिल्या दिवशी वाटलं काहीतरी हरवलंय."

"मग शिवणी नीट घालाव्यात," मी म्हटलं.

म्हटलं खरं. जे म्हटलं ते लिहायचं असं ठरवलंय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं, आणि निकाल भिंतीला टांगलेला. माझी मुलगी बाळाला घेऊन तिकडे गेली तर मला आनंद होणार नाही. तुम्हाला वाटतं मी पळवतेय. मी येत्या महिन्यात माझ्या घरी जाणार. मग तिच्याजवळ कोण असणार? दोन खोल्या?"

मी चौथी पायरी घेतली.

तेवढ्यात हिरवं दार उघडून परिचारिका आली. उंच, घाईत. "मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहेत. कपडे द्या, टोपी द्या लवकर, बाळ गार पडायला नको."

माझी टोपी सुयांवर, शिडी लोंबती. विहीणबाईंनी रडत रडत बॅगेतून पिवळी काढून दिली. परिचारिकेने ती उलटी केली आणि कपाळाला आठी घातली. "हे दोरे कसले? असं चालत नाही. बाळाच्या बोटात अडकतं, रक्त थांबतं बोटाचं. कुणी बांधलेत हे?"

विहीणबाई काहीतरी बोलणार होत्या. बहुतेक खोटं.

"मी," मी म्हटलं. "इकडे द्या."

माझ्या पिशवीत छोटी कात्री असते. एकेक दोरा कापला. भोकावरचा, उलट्या टाक्यांवरचे दोन, न घटवलेल्या फेरीवरचा, अर्ध्या टाक्यावरचा. गाठी अशा मारलेल्या की कात्रीला लगेच सापडतात. दोष पाचही तसेच होते, भोकसुद्धा. परिचारिका हात पुढे करून उभी होती. भोकावरून दोनदा अंगठा फिरवला आणि टोपी तिच्या हातात दिली.

दुरुस्ती न करता माल मी पहिल्यांदाच सोडला.

दार बंद झाल्यावर विहीणबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. फार जड डोकं आहे. राखी टोपी त्यांच्या आणि माझ्यामध्ये चेंगरत होती म्हणून मी ती बाजूला काढून धरली. तेवढंच केलं. त्यांना बाजूला केलं नाही.

सोमवार, १८

सकाळी टोपी पुरी केली. आठ टाके, लोकर ओवून ओढली, मिटली. आठही रेघा सरळ. डोळे मिटून अंगठा फिरवला, मसूर नाही. मग लाल गाठ कापली. कापताना बोटांत धरून नीट बघितली. आरशात बघावी तशी वळलेली. नक्कल चुकली म्हणून गाठ अशी वळत नाही. डाव्या हाताने मारली की वळते.

मी पलंगावर बसून राहिले. चहा गार झाला.

अकराला हॉस्पिटलमध्ये गेले. व्हरांड्यात मुलगा कपड्यांचं गाठोडं बांधत होता, डाव्या हाताने. मी समोर जाऊन उभी राहिले तसा त्याने गडबडीने हात बदलला. चौतिसाव्या वर्षी.

"राहू दे," मी म्हटलं. "त्याच हाताने बांध." मग म्हटलं, "आकडा बरोबर होता."

त्याला लगेच कळलं. "हो. रेघ सरकली होती."

"तोंडाने सांगता आलं असतं."

"तूच शिकवलंस ना," तो म्हणाला. "बोलायचं नाही, बांधायचं."

राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"त्या घराचं काय ठरलं?" मी विचारलं.

"त्याला अजून नाही म्हटलेलं नाही. गुरुवारी हिला सोडणार आहेत. आधी आपल्याकडे येऊ, बघू महिनाभर. पण आई, ते रीळ." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "ते रीळ घरात नको."

"बरं," मी म्हटलं.

आत गेले. सून उशीला टेकून बसली होती, विहीणबाई सफरचंद कापत होत्या, तीन सारख्या फोडी नव्हत्या त्यात. बाळ पिवळ्या टोपीत. बोंड उभं. भोकातून काळे केस दिसत होते. राखी टोपी मी सुनेच्या पलंगाच्या कडेला ठेवली. तिने ती घेतली, उलटी केली, माथ्यावरून बोट फिरवलं. तिला लाल शोधताना मी पहिल्यांदा समोरून बघितलं. मग तिने बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली, माझी घातली नाही, आणि उघड्या डोक्याचं बाळ माझ्या हातात दिलं.

सफरचंदावरचा चाकू थांबला. तिघंही माझ्याकडे बघत होती, मुलगा दारातून.

मी बाळाला खिडकीकडे नेलं, उजेडात. वरून खालपर्यंत बघितलं. सवय जात नाही.

"झाली तपासणी, अहो आई?" सून म्हणाली. आवाज कडकच होता, पण पांघरुणाची कड तिने मुठीत धरली होती.

"झाली."

"मग?"

"गार लागेल तिला," मी म्हटलं. "टोपी घाला. पिवळीच घाला, तिला तिची सवय झालीय."

विहीणबाईंनी सफरचंदाची फोड माझ्या हातात कोंबली. डबा गडगडला नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला.

घरी आल्यावर सगळ्या खोल्यांतून फिरले. पडदे, उशा, टेबलक्लॉथ. सात दोरे निघाले. आठवा कपाटात सगळ्यात खाली, मुलाच्या शाळेच्या स्वेटरच्या बाहीला, अजून तसाच. तो दोष दुरुस्त करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कापला. रीळ खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला देऊन आले. चांगला दोरा आहे, फेकवत नाही. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. कुणाला सांगितलेलं नाही, उगाच बघाबघी नको.

बाळाचा उजवा कान वरून दुमडलेला आहे. चिमटीत धरून सोडला तरी पुन्हा दुमडतो. विहीणबाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही. मी कुणालाही बोलले नाही.